हरूनही १ गुण कसा मिळतो? आइस हॉकीतला जादा वेळ, शूटआऊट आणि गुणतक्त्याचं गणित

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मानपाड्यात राहा किंवा डोंबिवलीच्या मानपाड्यात, आइस हॉकीशी आपला संबंध तसा दूरचा. बर्फ म्हणजे आपल्यासाठी उसाच्या रसात टाकायची गोष्ट. पण सोसायटीतली कोणाची तरी मुलगी टोरंटोला असते, कोणाचा भाचा न्यू जर्सीत असतो. मग कधीतरी फॅमिली ग्रुपवर आइस हॉकीचा गुणतक्ता येतो. तो पाहून पहिला प्रश्न हाच पडतो की, ४१ सामने जिंकलेला संघ बाहेर आणि ४० जिंकलेला आत, हे कसं?

हे खरंच घडलेलं आहे, २०२४ मध्ये. त्यात कोणी लबाडी केली नव्हती. ती सगळी गुण देण्याच्या पद्धतीची करामत होती. ही पद्धत समजून घेतली की आयपीएलची सुपर ओव्हर, प्रो कबड्डीचा टायब्रेकर आणि आपल्या टर्फवरच्या बॉक्स क्रिकेट स्पर्धेतली भांडणं यांचाही उलगडा होतो.

थोडक्यात सांगायचं तर

• उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) विजयाला २ गुण मिळतात. तो विजय निर्धारित वेळेतला असो, जादा वेळेतला असो किंवा शूटआऊटमधला.
• निर्धारित वेळेत हरलात तर ० गुण. जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये हरलात तर १ गुण.
• त्यामुळे काही सामन्यांतून एकूण २ गुण वाटले जातात आणि काहींतून ३. सगळा वाद या तिसऱ्या गुणावरून आहे.
• आंतरराष्ट्रीय आइस हॉकीत आणि युरोपातल्या बऱ्याच लीगमध्ये ३-२-१-० ही पद्धत आहे. तिथे प्रत्येक सामन्यातून बरोबर ३ गुणच वाटले जातात.

सामना कसा चालतो?

आइस हॉकीचा सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा, म्हणजे ६० मिनिटांचा असतो. बर्फावर एका बाजूला गोलरक्षक आणि पाच खेळाडू असतात. ६० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर एनएचएलच्या साखळी सामन्यात ५ मिनिटांचा जादा वेळ मिळतो. त्यात गोलरक्षकाशिवाय प्रत्येकी तीनच खेळाडू उतरतात. मैदान मोकळं होतं, पळापळ वाढते आणि जो पहिला गोल करेल तो तिथेच जिंकतो.

त्या ५ मिनिटांतही गोल झाला नाही तर शूटआऊट होतो. फुटबॉलच्या पेनल्टीसारखाच हा प्रकार, फक्त इथे खेळाडू मैदानाच्या मध्यापासून पक घेऊन एकटा गोलरक्षकावर चाल करतो. प्रत्येक संघाला तीन संधी मिळतात. तरीही बरोबरी राहिली तर एकेक संधी देत निकाल लागेपर्यंत खेळ चालतो. डिसेंबर २०१४ मध्ये फ्लोरिडा पँथर्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स यांचा शूटआऊट २० फेऱ्यांपर्यंत लांबला होता. शेवटी फ्लोरिडा जिंकलं.

हे सगळं साखळी सामन्यांपुरतंच आहे. बाद फेरीत शूटआऊट नसतो. तिथे पूर्ण संघांसह २०-२० मिनिटांची जादा सत्रं होतात आणि गोल होईपर्यंत खेळत राहावं लागतं, मग मध्यरात्र उलटली तरी चालेल.

तक्त्यातले तीन आकडे कसे वाचायचे?

एनएचएलच्या तक्त्यात संघाच्या नावापुढे ४०-३१-११ असे तीन आकडे दिसतात. पहिला विजयांचा. दुसरा निर्धारित वेळेतल्या पराभवांचा. तिसरा जादा वेळेतल्या आणि शूटआऊटमधल्या पराभवांचा. हा तिसरा आकडा बरोबरीत सुटलेल्या सामन्यांचा आहे असा नवख्याचा समज होतो, पण एनएचएलमध्ये आता कोणताच सामना बरोबरीत सुटत नाही.

गुण काढायचे असतील तर पहिल्या आकड्याची दुप्पट करा आणि त्यात तिसरा मिळवा. ४० दुणे ८०, अधिक ११, म्हणजे ९१. मधल्या आकड्याचे काहीच मिळत नाहीत.

इथेच एक फसगत होते. समजा एखाद्या संघाची कामगिरी ३५-३५-१२ आहे. पाहताना वाटतं, ३५ जिंकले, ३५ हरले, चला, बरोबरीत आहेत. गुण होतात ८२, म्हणजे मिळू शकणाऱ्या १६४ पैकी बरोबर निम्मे. पण प्रत्यक्षात हा संघ ८२ सामन्यांपैकी ४७ हरलेला असतो. पराभव दोन खान्यांत विभागले की ते कमी दिसतात.

हा गुण आला कुठून?

एनएचएलमध्ये पूर्वी साखळी सामन्यातही जादा वेळ असायचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये तो बंद झाला, कारण युद्धकाळात संघांना ठरलेल्या रेल्वेगाड्या गाठाव्या लागत आणि सामना लांबवणं परवडत नव्हतं. त्यानंतर चार दशकं बरोबरी झाली की दोघांना १-१ गुण देऊन संघ घरी जात.

१९८३-८४ मध्ये ५ मिनिटांचा जादा वेळ परत आला. पण त्यात हरणाऱ्याला काहीच मिळत नव्हतं. मग संघांनी साधा हिशेब केला. ६० मिनिटं संपली तेव्हा हातात १ गुण आहे, आता धोका पत्करला तर तोही जाईल. त्यामुळे त्या ५ मिनिटांत दोन्ही संघ जपून खेळत आणि बरोबरी कायम राही.

यावर उपाय म्हणून १९९९-२००० पासून नियम बदलला. जादा वेळेत हरलात तरी बरोबरीचा १ गुण तुमचाच, आणि जिंकणाऱ्याला वर आणखी १. त्याच वेळी जादा वेळेतले खेळाडू प्रत्येकी चारवर आणले. २००४-०५ चा मोसम मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे संपूर्ण रद्द झाला. पुढच्या वर्षी प्रेक्षकांना परत आणायचं होतं, म्हणून २००५-०६ पासून शूटआऊट आला आणि बरोबरी हा प्रकारच संपला. २०१५-१६ पासून जादा वेळेत प्रत्येकी तीन खेळाडू झाले.

म्हणजे हरणाऱ्याचा गुण हे बक्षीस म्हणून आलेलं नाही. ‘जादा वेळेत घाबरू नका, मोकळेपणाने खेळा’ असं सांगण्यासाठी तो दिला गेला. जादा वेळेतली भीती गेली, पण ती ६० मिनिटांच्या शेवटच्या काही मिनिटांत जाऊन बसली.

मग अडचण कुठे आहे?

समजा दोन मिनिटं उरली आहेत आणि गोलफलक २-२ आहे. आता गोल खाल्ला तर ० गुण. घड्याळ संपेपर्यंत तग धरला तर १ गुण नक्की आणि दुसऱ्यासाठी पुन्हा संधी. समोरच्या संघाचाही हाच हिशेब असतो. दोघांनी मिळून वेळ काढली तर दोघांच्या वाट्याला येणारे गुण २ ऐवजी ३ होतात. तोटा होतो तो त्या सामन्यात नसलेल्या तिसऱ्या संघाचा.

या तिसऱ्या संघाची अडचण अशी. तुम्ही समोरच्यापेक्षा ६ गुणांनी मागे आहात आणि १० सामने उरलेत. तुम्ही १० पैकी ७ जिंकलात आणि ३ निर्धारित वेळेत हरलात, म्हणजे १४ गुण कमावले. समोरचा संघ १० पैकी फक्त ३ जिंकला, पण उरलेल्या ७ पराभवांपैकी ३ जादा वेळेतले निघाले. त्याचे झाले ६ अधिक ३, म्हणजे ९. तुम्ही त्याच्यापेक्षा ४ सामने जास्त जिंकलात, तरी मधलं अंतर ५ गुणांनीच कमी झालं. तुम्ही अजून १ गुणाने मागेच. ते ३ पराभव निर्धारित वेळेत झाले असते तर तुम्ही २ गुणांनी पुढे गेला असतात.

म्हणूनच एनएचएलमध्ये मोसमाच्या उत्तरार्धात तक्ता एकीकडे चुरशीचा दिसतो आणि दुसरीकडे हलता हलत नाही. सगळे जवळजवळ असतात, पण मागचा पुढच्याला सहज गाठू शकत नाही.

तीन मोसम, तीन किस्से

पहिला, ११ एप्रिल २०१०. साखळीचा शेवटचा दिवस. फिलाडेल्फिया फ्लायर्स आणि न्यू यॉर्क रेंजर्स, दोघांचे ८६ गुण आणि सामना एकमेकांशीच. जिंकणारा बाद फेरीत, हरणारा घरी. ६० मिनिटांनंतर १-१. दोघांचे ८७ झाले, पण दोघांचाही त्याने काही फायदा नव्हता. जादा वेळेतही गोल नाही. ८२ सामन्यांचा मोसम अखेर शूटआऊटवर आला. फिलाडेल्फियाचा गोलरक्षक ब्रायन बाउचर याने ओली योकिनेनचा शेवटचा प्रयत्न अडवला. फिलाडेल्फिया ८८, न्यू यॉर्क ८७. काठावर पास झालेला हा संघ पुढे थेट स्टॅनली कपच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे शिकागोकडून हरला.

दुसरा, २०१४-१५ चा मोसम. लॉस एंजेलिस किंग्ज हे आदल्या वर्षीचे विजेते. मोसम संपताना त्यांचा हिशेब होता ४०-२७-१५, म्हणजे ९५ गुण. कॅलगरी फ्लेम्सचा ४५-३०-७, म्हणजे ९७. कॅलगरी आत, विजेते बाहेर. आता मधला आकडा पाहा. निर्धारित वेळेत कॅलगरी ३० सामने हरलं होतं आणि किंग्ज फक्त २७. पण ६० मिनिटांनंतर किंग्जना नशीब म्हणा, कौशल्य म्हणा, साथच देत नव्हतं. तिथे ते १५ वेळा हरले. त्या १५ पराभवांचे १५ गुण त्यांना मिळालेच होते. त्यातले तीन निकाल उलटे लागले असते तरी ते ९८ वर गेले असते.

तिसरा, १६ एप्रिल २०२४. सुरुवातीला सांगितलेला. वॉशिंग्टन कॅपिटल्स ४०-३१-११, गुण ९१. डेट्रॉइट रेड विंग्ज ४१-३२-९, गुण तेही ९१. डेट्रॉइटचा एक विजय जास्त. २०१६ नंतर हा संघ बाद फेरीत गेलाच नव्हता, त्यामुळे शहराचा जीव टांगणीला लागलेला. पण गुण सारखे झाले की एनएचएल आधी निर्धारित वेळेतले विजय मोजतं, आणि ते वॉशिंग्टनचे जास्त होते. डेट्रॉइटने त्या रात्री माँट्रियलला शूटआऊटमध्ये हरवलं, तरीही ते बाहेर राहिले.

त्याच रात्री वॉशिंग्टनविरुद्ध खेळणाऱ्या फिलाडेल्फियाने केलेली गोष्ट टीव्हीवर पाहणाऱ्यांना वेडेपणाची वाटली असेल. १-१ अशी बरोबरी असताना, तीनेक मिनिटं बाकी असताना त्यांनी स्वतःचा गोलरक्षक बाहेर काढून जास्तीचा आक्रमक खेळाडू उतरवला. असं कोण करतं? हिशेब मांडला की कळतं. सामन्याआधी फिलाडेल्फियाचे ८७ आणि वॉशिंग्टनचे ८९ गुण होते. सामना जादा वेळेत गेला असता तर वॉशिंग्टनला १ गुण मिळून ९० झाले असते, आणि फिलाडेल्फिया जिंकूनही ८९ वरच थांबलं असतं. म्हणजे बरोबरी हाच त्यांच्यासाठी पराभव होता. त्यांनी धोका पत्करला, वॉशिंग्टनच्या टी. जे. ओशीने रिकाम्या गोलात पक टाकला आणि वॉशिंग्टन २-१ ने जिंकलं. दुर्दैव असं की तिकडे डेट्रॉइटने शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधून १ गुण पक्का केला होता, त्यामुळे फिलाडेल्फियाचं आव्हान गोलरक्षक काढण्याआधीच संपलेलं होतं.

बरोबरी टाळण्यासाठी गोलरक्षक काढण्याबाबत एनएचएलने जादा वेळेत मात्र चाप लावला आहे. जादा वेळेत जास्तीच्या खेळाडूसाठी स्वतःहून गोलरक्षक काढला आणि रिकाम्या गोलात गोल खाऊन हरलात, तर मिळालेला तो १ गुणही जातो.

गुण सारखे झाले तर?

एनएचएलमध्ये क्रम ठरलेला आहे. आधी निर्धारित वेळेतले विजय. मग निर्धारित आणि जादा वेळेतले मिळून विजय. त्यानंतर शूटआऊट धरून एकूण विजय. तरीही बरोबरी असेल तर आपसातल्या सामन्यांतले गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल.

हा क्रम बारकाईने पाहिला तर लीगचं मत कळतं. शूटआऊटचा विजय २ गुणांना पुरेसा आहे, पण गुण सारखे झाले की त्याची किंमत सगळ्यात कमी. जादा वेळेतला विजय त्याहून वरचा, आणि ६० मिनिटांत मिळवलेला विजय सर्वांत मोठा. गुण देताना न केलेला फरक लीग बरोबरी सोडवताना करते. निर्धारित वेळेतले विजय आधी मोजण्याचा नियम २०१९-२० पासून आला.

यामुळे गोलफरक खूप खाली गेला आहे. २०२४ मध्ये आत गेलेल्या वॉशिंग्टनने केलेल्या गोलांपेक्षा ३७ गोल जास्त खाल्ले होते. नेट रनरेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे पटायला वेळ लागतो.

३-२-१-० म्हणजे काय?

जगातल्या बाकीच्या आइस हॉकीने वेगळा मार्ग काढला. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धांमध्ये निर्धारित वेळेतल्या विजयाला ३ गुण, जादा वेळेतल्या किंवा शूटआऊटमधल्या विजयाला २, तशा पराभवाला १ आणि निर्धारित वेळेतल्या पराभवाला ०. स्वीडन, फिनलंड, जर्मनीतल्या लीग हेच करतात. जानेवारी २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगनेही हीच पद्धत घेतली.

इथे हरणाऱ्याचा गुण आहेच. पण तो कुठून तरी नव्याने निर्माण होत नाही, जिंकणाऱ्याच्या वाट्यातून जातो. प्रत्येक सामन्याची किंमत ३ गुणच राहते. दोन मिनिटं उरली असताना बरोबरी असेल, तर वेळ काढणाऱ्या संघाला आता काहीतरी गमवावंही लागतं, कारण ३ गुण मिळवण्याची संधी हातची जाते.

भारतात आइस हॉकी प्रामुख्याने लडाखमध्ये खेळली जाते. लडाखच्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं.

हेच आयपीएलला लावून पाहू

बर्फ बाजूला ठेवू आणि ओळखीच्या मैदानावर येऊ. आयपीएल २०२० मध्ये, संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या मोसमात, चार साखळी सामने सुपर ओव्हरमध्ये गेले. दिल्लीने पंजाबला, बंगळूरुने मुंबईला, कोलकात्याने हैदराबादला आणि पंजाबने मुंबईला (दोन सुपर ओव्हरनंतर) हरवलं. आयपीएलमध्ये सुपर ओव्हर जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला ०. एनएचएलची पद्धत किंवा ३-२-१-० असती तर तक्ता कसा दिसला असता?

| संघ | विजय (पैकी सुपर ओव्हर) | सुपर ओव्हरमध्ये पराभव | प्रत्यक्ष गुण | एनएचएल पद्धत | ३-२-१-० |
|---|---|---|---|---|---|
| मुंबई | ९ (०) | २ | १८ | २० | २९ |
| दिल्ली | ८ (१) | ० | १६ | १६ | २३ |
| हैदराबाद | ७ (०) | १ | १४ | १५ | २२ |
| बंगळूरु | ७ (१) | ० | १४ | १४ | २० |
| कोलकाता | ७ (१) | ० | १४ | १४ | २० |
| पंजाब | ६ (१) | १ | १२ | १३ | १८ |
| चेन्नई | ६ (०) | ० | १२ | १२ | १८ |
| राजस्थान | ६ (०) | ० | १२ | १२ | १८ |

पहिले चार संघ तेच राहिले. पण दोन गोष्टी दिसतात. मुंबईचे १४ पैकी ५ पराभव होते, त्यातले २ सुपर ओव्हरचे, म्हणजे निर्धारित षटकांत हा संघ फक्त ३ वेळा हरला होता. प्रत्यक्ष तक्त्यात मुंबई दिल्लीपेक्षा एका विजयाने पुढे होती. ३-२-१-० मध्ये हे अंतर दोन पूर्ण विजयांचं, म्हणजे ६ गुणांचं होतं. दुसरी गोष्ट हैदराबादची. प्रत्यक्षात तीन संघ १४ गुणांवर अडकले आणि नेट रनरेटने त्यांचा क्रम लावला. इतर दोन्ही पद्धतींत हैदराबाद रनरेटशिवायच तिसरं आलं असतं, कारण त्यांचे सातही विजय निर्धारित षटकांतले होते.

कबड्डीने उलटा रस्ता धरला

आपल्याकडे ‘कमी फरकाने हरलात तरी १ गुण’ ही कल्पना नवी नाही. प्रो कबड्डीत पूर्वी विजयाला ५ गुण, बरोबरीला प्रत्येकी ३, आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास १ गुण मिळायचा. यू मुंबा किंवा पुणेरी पलटणचे सामने पाहणाऱ्यांना शेवटच्या मिनिटातलं दृश्य आठवत असेल. संघ ९ गुणांनी मागे, सामना गेलेला, पण चढाईपटू तरी जीव तोडून बोनस घेतोय. कशासाठी? फरक ७ वर आणण्यासाठी. पुढे असलेला संघही हा १ गुण देऊ नये म्हणून पकडीला सरसावतोय. निकाल लागलेल्या सामन्यातही शेवटच्या चढाईपर्यंत जीव राहायचा.

पण तिथेही गुणांची बेरीज प्रत्येक सामन्यात वेगळी व्हायची. मोठ्या फरकाने जिंकलेल्या सामन्यात ५ गुण, चुरशीच्या सामन्यात ६, बरोबरीतही ६. नवख्या प्रेक्षकाला तक्ता पाहून काही कळत नसे.

२०२५ च्या बाराव्या मोसमात प्रो कबड्डीने हे सगळं काढून टाकलं. विजयाला २, पराभवाला ०. बरोबरी झाली तर साखळीतही ५-५ चढायांचा टायब्रेकर, तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. महाराष्ट्रातल्या मातीवरच्या आणि मॅटवरच्या स्पर्धा पाहणाऱ्यांना ५-५ चढायांचा डाव जुना ओळखीचा आहे. इथल्या बाद सामन्यांत तो वर्षानुवर्षं खेळला जातोय. प्रो कबड्डीच्या साखळीतला पहिला टायब्रेकर मोसमाच्या पहिल्याच दिवशी, २९ ऑगस्ट २०२५ ला झाला. त्यात पुणेरी पलटणने बंगळूरु बुल्सला हरवलं.

म्हणजे एनएचएलने हरणाऱ्याला गुण दिला, कबड्डीने तो काढून घेतला. नव्या पद्धतीत तक्ता लहान मुलालाही वाचता येतो. पण ४० मिनिटं बरोबरीत झुंजून सुवर्ण चढाईत हरलेला संघ आणि २५ गुणांनी चीतपट झालेला संघ, दोघांच्या खात्यात सारखंच शून्य पडतं.

आपल्या स्पर्धेत कोणती पद्धत ठेवायची?

हा प्रश्न नुसता चर्चेचा नाही. मानपाडा, ढोकाळी, कोलशेत पट्ट्यात टर्फवर सोसायट्यांच्या स्पर्धा होतात, गटात चार संघ असतात, प्रत्येकाचे तीनच सामने. तिथे एका गुणाने करंडक हुकतो आणि मग पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. एक कल्पित गट घेऊन पाहू.

• अ संघाने ब आणि ड या दोघांना टायब्रेकरमध्ये हरवलं, पण क कडून सरळ हरला.
• ब संघाने क आणि ड ला सरळ हरवलं.
• क संघाने ड ला सरळ हरवलं.

अ, ब आणि क, तिघांचे २-२ विजय. दोन संघ पुढे जाणार आहेत. आता गुण मोजा.

• फक्त विजयाला २ गुण: अ ४, ब ४, क ४, ड ०. तिघे बरोबरीत. रनरेट काढायला बसा.
• एनएचएल पद्धत: ब ५, अ ४, क ४, ड १. ब नक्की, बाकी दोघांचा वाद कायम.
• ३-२-१-०: ब ७, क ६, अ ४, ड १. दोन्ही नावं स्पष्ट, अ बाहेर.

निकाल तेच, पण अ संघाचं भवितव्य पद्धतीवर अवलंबून. अ संघ म्हणेल, आम्ही दोन सामने जिंकलो, गटात पहिल्या आलेल्या ब ला हरवलं, तरी बाहेर? क संघ म्हणेल, तुमचे दोन्ही विजय टायब्रेकरचे, आम्ही मात्र तुम्हाला सरळ हरवलं. दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

म्हणून आयोजकांनी तीन गोष्टी पहिल्या सामन्याआधी लिहून ग्रुपवर टाकाव्यात. पहिली, टायब्रेकरच्या विजयाला आणि पराभवाला किती गुण. दुसरी, गुण सारखे झाले तर आधी काय पाहायचं, आपसातला सामना की रनरेट. तिसरी, पावसाने किंवा वेळ संपल्याने सामना अर्धवट राहिला तर काय. ऑगस्टमध्ये ठाण्यात स्पर्धा घेणाऱ्यांनी ही तिसरी विसरू नये. नियम कोणताही असला तरी लोक तो मानतात. सामना झाल्यावर ठरवलेला नियम मात्र कोणी मानत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एनएचएलमध्ये बरोबरी होते का?
नाही. २००५-०६ पासून प्रत्येक साखळी सामन्याचा निकाल लागतो.

शूटआऊटमध्ये जिंकल्यास गुण कमी मिळतात का?
एनएचएलमध्ये नाही, पूर्ण २ मिळतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३ ऐवजी २ मिळतात.

एनएचएलमध्ये किती संघ बाद फेरीत जातात?
३२ पैकी १६. साखळीत प्रत्येकाचे ८२ सामने होत आले आहेत. २०२६-२७ पासून ८४ सामने ठरले आहेत.

किती सामने जादा वेळेत जातात?
साधारण चार-पाच सामन्यांतला एक. त्यामुळे मोसमात शेकडो सामन्यांतून हा तिसरा गुण वाटला जातो.

मग एनएचएल ३-२-१-० का घेत नाही?
सध्याच्या पद्धतीत तक्ता शेवटपर्यंत दाट राहतो. मार्चमध्येही बरेच संघ शर्यतीत दिसतात आणि प्रेक्षक टिकतात. विरोधकांचं म्हणणं असं की ही चुरस निम्मी खरी आणि निम्मी कागदावरची आहे.

पुढच्या वेळी ग्रुपवर असा तक्ता आला तर आधी तिसरा आकडा पाहा. तो जितका मोठा, तितक्या वेळा तो संघ ६० मिनिटं झुंजला आणि नंतर हरला. त्या झुंजीची किंमत किती धरायची, याचं उत्तर प्रत्येक लीगने आपापल्या परीने दिलं आहे. डेट्रॉइटच्या चाहत्यांना विचाराल तर ते अजूनही म्हणतील, आम्ही ४१ जिंकलो होतो.